चित्र दाबण्याचा हिशेब कोणाच्या फोनवर?

गेल्या लग्नसराईतील गोष्ट. गेवराईकडील एका शेतकरी कुटुंबाचा बस्ता आमच्या दुकानी बांधायचा होता. घरची सारी मंडळी आली होती, पण नवरी मुलगी पुण्यात नोकरीला, तिला रजा मिळाली नव्हती. मुलीचे वडील म्हणाले, "भाई, साड्या फोनवरच दाखवा पोरीला. ती हो म्हणली की झालं." हे आता आम्हाला नवे राहिलेले नाही. सुरतचा व्यापारी आम्हाला फोनवर माल दाखवतो, आम्ही गिऱ्हाइकाला दाखवतो. गादीवर पंचवीस-तीस साड्या पसरल्या, फोन हातात धरला आणि एकेक पदर उलगडून दाखवू लागलो.

दहा-बारा मिनिटे ठीक चालले. मग फोन तव्यासारखा तापला आणि चित्र अडखळू लागले. एका मोरपंखी साडीला बारीक जरीचा काठ होता. तो आम्ही हलवून, उजेडात धरून दाखवत होतो, तर पलीकडून मुलगी म्हणाली, "काका, ती चौकड्याच्या काठाची नको. साध्या जरीची दाखवा." त्या दिवशी आमच्या गादीवर चौकड्याच्या काठाची एकही साडी नव्हती. आम्ही समजावू लागलो तोच फोन आपोआप बंद पडला. मंडळी चहा घेऊन, रविवारी येतो म्हणून निघून गेली. रविवारी येतो म्हणणारे गिऱ्हाईक किती वेळा परत येते, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको.

आम्ही नेटवर्कला दोष देत बसलो. आमचा पुतण्या पुण्याहून संगणकाचे शिक्षण घेऊन आला आहे. तो म्हणाला, "चाचा, नेटवर्कच्या दांड्या पूर्ण होत्या. फोनला हिशेब झेपला नाही." फोनला कसला हिशेब, असे आम्ही विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर त्याने चार संध्याकाळी बसून दिले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्ही गल्ल्यावर बसून शिकलो आणि संगणक तर शिकलोच नाही. पण हिशेब म्हटला की कान टवकारतात. जे समजले ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, कारण हा प्रश्न आता आमच्या धंद्याचाही झाला आहे.

चांगल्या फोनवरचे एक चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण वीस लाखांहून अधिक. सेकंदाला अशी २५ चित्रे धरली आणि ती जशीच्या तशी पाठवायची म्हटली, तर एका मिनिटाला साडेचार जीबीहून अधिक डेटा लागेल. कोणाचेही पॅक अर्ध्या मिनिटातच संपेल. म्हणून चित्र दाबावे लागते. आपल्या जिल्ह्यातील लोकांना हे पटकन समजेल, कारण कापसाचे जिनिंग-प्रेसिंग आपण लहानपणापासून पाहतो. मोकळा कापूस ट्रकमध्ये भरला तर भाडे परवडत नाही. तोच प्रेसमध्ये घालून १७० किलोची गाठ बांधली की एका ट्रकमध्ये कितीतरी माल बसतो. पण प्रेसला वीज लागते. जितकी गाठ आवळून बांधाल तितके भाडे कमी आणि तितके प्रेसचे काम जास्त. चित्राचेही तसेच आहे. डेटा वाचतो तो आकडेमोड करून वाचतो, आणि ती आकडेमोड फोनच्या बॅटरीवर होते. भाड्याची बचत सगळ्यांना दिसते. प्रेसचे बिल मात्र कोणाच्या नावावर पडते, हे कोणी विचारत नाही.

आता ही आकडेमोड कसली? दुकानातले उदाहरण घ्या. साडी दाखवताना मागची भिंत, कपाटे, गादी यांपैकी काहीच हलत नाही. हलतो तो आमचा हात आणि पदर. म्हणून फोन प्रत्येक चित्र नव्याने पाठवत नाही. चित्राचे लहान चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन मागच्या चित्रात कोठे होता ते शोधतो. सापडला की "हा चौकोन तिकडून चार ठिपके उजवीकडे सरकला" एवढीच चिठ्ठी पाठवतो. हा शोध म्हणजे आमच्याकडे मॅचिंग काढणे आहे. गिऱ्हाईक साडी घेऊन येते, तिच्या रंगाचा ब्लाउज पीस काढायचा असतो. नवा नोकर असला तर पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत एकेक ताका साडीला लावून पाहतो. जुना नोकर चार दिशांचे चार ताके काढतो, जो जवळ वाटेल त्याच्या आसपासचे पाहतो, मग त्याच्याही आसपासचे. तीन फेऱ्यांत काम संपते.

संगणकवाल्यांनी नेमके हेच केले, आणि त्याला नावही तीन पायऱ्यांचा शोध असेच आहे. ही पद्धत १९८१ मध्ये मांडली गेली. तिचा हिशेब आम्ही स्वतः कागदावर करून पाहिला. १६ बाय १६ ठिपक्यांचा चौकोन घ्या आणि तो चारही बाजूंना सात-सात ठिपक्यांपर्यंत शोधा. सगळ्या जागा तपासल्या तर २२५ होतात. तीन पायऱ्यांनी गेले तर २५ जागांत भागते. प्रत्येक जागी २५६ ठिपक्यांची वजाबाकी करावी लागते. जुन्या व्हिडिओ सीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असे, म्हणजे त्यात असे ३९६ चौकोन. सेकंदाला २५ चित्रे धरून गुणाकार केला तर पहिल्या पद्धतीने सेकंदाला ५७ कोटी वजाबाक्या येतात आणि दुसऱ्या पद्धतीने सव्वासहा कोटींच्या आसपास. काम तेच, चित्र तेच आणि मेहनत नवव्या हिश्श्याची. एवढी सूट आम्हाला कोणत्याही गिरणीने कधी दिलेली नाही.

मात्र सूट फुकट मिळत नाही हेही सांगितले पाहिजे. जुना नोकरही कधी फसतो. जवळची छटा पाहून डावीकडच्या कप्प्यात शिरतो आणि खरी छटा उजवीकडे राहून जाते. तीन पायऱ्यांचा शोधही असाच चुकीच्या कोपऱ्यात अडकतो. बारीक बुट्टी किंवा जरी असेल तर जास्तच, कारण तिथे सगळे चौकोन एकमेकांसारखे दिसतात. मग वजाबाकीत बाकी जास्त उरते, ती पाठवायला जास्त डेटा लागतो किंवा ती गाळली जाते आणि चित्रात चौकोन दिसू लागतात. गेवराईच्या मुलीला दिसलेला चौकड्याचा काठ हा त्यातलाच. म्हणून पुढे १९९४ आणि २००० च्या सुमारास या शोधाच्या सुधारलेल्या पद्धती निघाल्या. एका पद्धतीत चौकोनी आकाराऐवजी हिऱ्याच्या आकारात शोधत जातात. पुतण्याने ती कागदावर काढून दाखवली, तेव्हा आम्हाला हिमरूच्या नक्षीची आठवण झाली. असो.

दुसरे मोठे काम म्हणजे उरलेली बाकी आटोपशीर लिहिणे. येथे एका अशा माणसाचे नाव येते जे आपल्या मुलांना माहीत असायला हवे आणि बहुतेकांना नसते. नासिर अहमद. जन्म १९४० चा, बेंगळुरूचा. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेला गेले आणि १९६६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. त्यांची कल्पना कापडाच्या भाषेत अशी सांगता येईल. ८ बाय ८ ठिपक्यांचा कोणताही तुकडा घ्या. तो पट्ट्यांच्या ६४ ठराविक नमुन्यांची बेरीज म्हणून लिहिता येतो. रुंद पट्टा, बारीक पट्टा, उभा, आडवा, दोन्ही मिळून. कोणता नमुना किती घ्यायचा एवढेच ६४ आकडे लिहायचे. बहुतेक तुकड्यांत रुंद पट्ट्यांचे आकडे मोठे येतात आणि बारीक पट्ट्यांचे जवळपास शून्य. शून्ये टाकून दिली की ६४ ऐवजी पाच-दहा आकड्यांत तुकडा मावतो आणि डोळ्याला फारसा फरक कळत नाही.

नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये या कामासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी आहे असे परीक्षकांना वाटले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. पैसे मिळाले नाहीत तरी त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन हे त्यांचे विद्यार्थी आणि के. आर. राव हे मित्र, असे तिघांचे मिळून चार पानांचे टिपण जानेवारी १९७४ मध्ये छापून आले. फोटोचे जेपीईजी, व्हिडिओ सीडीचे एमपीईजी आणि आज फोनमध्ये सर्वांत जास्त चालणारे एच.२६४, सगळे त्याच विचारावर किंवा त्याच्या भावंडांवर उभे आहेत. सगळी उभारणी एका साध्या कल्पनेवर झाली, हे आम्हाला फार आवडले. धंद्यातही आम्ही पाहिले आहे, जी वही सोपी असते तीच तीन पिढ्या चालते.

पण कल्पना साधी असली तरी तिचा गुणाकार साधा नव्हता. ८ बाय ८ चा एक तुकडा सरळ पद्धतीने करायचा तर ४०९६ गुणाकार लागतात. आधी ओळी मग रकाने असे दोन टप्पे केले तर १०२४. पुढे लोकांनी त्यातील सारखे सारखे गुणाकार एकत्र करण्याच्या युक्त्या काढल्या. १९८९ मध्ये लोफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ आकड्यांच्या एका ओळीचे काम ६४ ऐवजी ११ गुणाकारांत आणले. म्हणजे पूर्ण तुकडा १७६ मध्ये. अकरापेक्षा खाली जाता येत नाही हेही गणिताने सिद्ध झालेले आहे. ४०९६ वरून १७६, आणि उत्तर तेच!

यापुढची पायरी ऐकून तर आम्हाला आमच्या वालिदांच्या दुकानातील मुनीमजींची आठवण झाली. त्या काळी कापड गजावर मोजले जाई आणि एका गजाचे सोळा गिरह. मुनीमजी गुणाकार करीत नसत. अर्धा गज, पाव गज, अर्धपाव आणि गिरह, असे निम्मे निम्मे करीत उतरत आणि दुप्पट दुप्पट करीत चढत. पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ. समोरचा गिऱ्हाईक बोटे मोजेपर्यंत यांचे बिल तयार. २००३ मध्ये एच.२६४ ठरवताना जगभरातील अभियंत्यांनी हेच केले. चार बाय चारच्या तुकड्याचे रूपांतर असे बेतले की त्यात मोठा गुणाकारच नाही, फक्त बेरीज, वजाबाकी आणि दुप्पट करणे. संगणकाला दुप्पट करणे म्हणजे आकडा एक घर सरकवणे, ते जवळपास फुकट असते. मुनीमजी हयात असते तर म्हणाले असते, यात नवीन काय आहे?

येथवरचा इतिहास सुखाचा आहे. यापुढे आमची तक्रार सुरू होते.

एच.२६४ नंतर २०१३ मध्ये एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ आले. तेवढ्याच दर्जाच्या चित्राला सुमारे निम्मा डेटा. २०१८ मध्ये एव्ही१ आले, २०२० मध्ये एच.२६६ आले. प्रत्येक वेळी गाठ आणखी आवळली गेली आणि प्रत्येक वेळी प्रेसचे काम कैक पटींनी वाढले. का वाढले ते साडीवरून सांगता येते. साडीचे अंग साधे असते, तिथे मोठा चौकोन पुरतो. काठ आणि पदर भरलेला असतो, तिथे लहान चौकोन हवे. एच.२६५ मध्ये ६४ ठिपक्यांचा मोठा चौकोन घेऊन त्याचे चार, त्या चारांचे सोळा, त्या सोळांचे चौसष्ट, असे हवे तिथे हवे तेवढे तुकडे करता येतात. असे तुकडे करण्याचे एकूण किती प्रकार होतात, हे पुतण्याने आम्हाला काढायला लावले. उत्तर ८३,५२२ आले. एका चौकोनाचे! प्रत्येक प्रकार वेगळा करून पाहायचा तर कयामतपर्यंत बस्ता बांधून होणार नाही. पण प्रत्येक लहान चौकोनाची किंमत एकदाच काढून खालून वर तुलना करीत गेले तर ८५ चौकोनांत भागते. आणि अंग साधे आहे हे पहिल्याच नजरेत ओळखता आले तर एकातच. जाणता कटिंग मास्टर कापडाला हात लावताच कुठे कात्री चालवायची ते ओळखतो, तसे. अशी "आधीच थांबण्याची" नजर यंत्राला कशी द्यायची, यावर जगभर आणि आपल्याकडील विद्यापीठांतही पुष्कळ काम झाले आहे. आमच्या मते हेच खरे कसबाचे काम आहे, कारण यात गिऱ्हाइकाच्या मालाला धक्का न लावता खर्च कमी होतो.

मग तक्रार कोणती? तक्रार ही की, हे ओझे कोणाच्या डोक्यावर द्यायचे ते ठरवताना आमच्यासारख्यांचा विचार शेवटी होतो. सिनेमा किंवा मालिका दाखवणाऱ्या कंपनीचे गणित वेगळे आहे. ती एकदा गाठ बांधते आणि लाखो लोक ती सोडतात. तिने बांधताना हवी तेवढी मेहनत करावी, तिच्याकडे मोठमोठी यंत्रे आहेत. उलट सोडणे सोपे असावे. पण आम्ही फोनवर साडी दाखवतो तेव्हा गाठ बांधणारेही आम्हीच. आमचा फोन त्याच क्षणी स्वतःचे चित्र बांधतो आणि समोरच्याचे सोडतो. दोन्ही कामे एकाच वेळी, उन्हाळ्यातल्या बीडमध्ये, तीन वर्षे वापरलेल्या स्वस्त फोनवर.

आणि आम्ही तरी दुकानात पंख्याखाली बसलेले आहोत. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुले गावी आजी-आजोबांकडे असतात. फडातल्या कोपीवर फोन चार्ज करायची सोय कशी असते ते आम्हाला सांगायला नको. त्या मायबापांचा मुलांशी रात्री दहा मिनिटांचा बोलण्याचा वेळ, आणि त्यात फोन तापून बंद पडला तर? २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरातला एकच फोन, त्यावर दोन मुलांचे वर्ग, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा सगळी चर्चा रेंजची आणि डेटाची झाली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला ही खरी गोष्ट आहे. पण त्यामुळे आपल्याकडे भाडे स्वस्त आणि प्रेस महाग अशी उलटी स्थिती झाली. डेटा वाचवण्यासाठी बॅटरी जाळणे हा श्रीमंत फोनांचा सौदा आहे, गरीब फोनांचा नव्हे.

यावर पुतण्याचे म्हणणे असे की, "चाचा, नव्या फोनच्या चिपमध्ये या कामासाठी वेगळा कारखानाच असतो, मग तो तापत नाही." बरोबर आहे. ज्या पद्धतीचा कारखाना चिपमध्ये आहे ती पद्धत थोड्या विजेत चालते. जुन्या फोनांत तो एच.२६४ चा असतो. त्याच फोनला नव्या पद्धतीचे चित्र दिले की ते काम साध्या प्रोसेसरला हाताने करावे लागते आणि तो धापा टाकतो. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की, नवी पद्धत नव्या फोनला जरूर द्या, पण जुन्या फोनला जुन्या पद्धतीचे चित्र देणे बंद करू नका. साठवायला जागा जास्त लागते, अशी सबब मोठ्या कंपन्यांनी सांगू नये. आम्ही छोट्या दुकानातसुद्धा नऊवारीचा कप्पा ठेवतो, वर्षाला दहाच गिऱ्हाइके आली तरी.

दुसरे असे की, आमच्या पाहण्यात आलेल्या कॉलच्या ॲपमध्ये डेटा कमी वापरण्याचे बटण असते. फोनची मेहनत कमी करण्याचे बटण आम्हाला कुठे दिसले नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे वर सांगितलेच. ज्याच्याकडे डेटा भरपूर आणि फोन जुना आहे, त्याला गाठ सैल बांधण्याची मुभा हवी.

मनावर घेतले तर ओझे कमी होते याचे दाखलेही आहेत. एव्ही१ निघाले तेव्हा ते इतके जड होते की लोक हसत. गुगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स वगैरेंनी २०१५ मध्ये एकत्र येऊन ते रॉयल्टीशिवाय देण्यासाठी काढले होते, कारण एच.२६५ च्या पेटंटांचे पैसे कोणाकोणाला द्यायचे याचाच घोळ होता. दलाल तीन आणि माल एक, अशी गत. पण रॉयल्टी नसली तरी गरीब फोनला त्याचे काय? मग व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या मंडळींनी २०१८ मध्ये डाविड नावाचा डिकोडर काढला. चित्र तेच, पद्धत तीच. फक्त आतील आकडेमोड प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत, जवळपास हाताने विणून लिहिलेली. त्यामुळे खास चिप नसलेल्या फोनवरही एव्ही१ चालू लागले. २०२० मध्ये गुगलने डुओ या आपल्या कॉलच्या ॲपमध्ये एव्ही१ आणत असल्याचे जाहीर केले, तेही कमी रेंजच्या लोकांसाठी.

दुसरा दाखला २०२२ चा. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी लिहिले की, त्यांच्याकडे एकाच व्हिडिओच्या दोन तऱ्हेच्या गाठी वेगवेगळ्या बांधल्या जात होत्या. त्यांनी दुसरी गाठ नव्याने बांधणे सोडले आणि पहिल्यातलाच माल काढून दुसऱ्या वेष्टनात भरला. त्या कामाची ९४ टक्के आकडेमोड वाचली. आता हे वाचून आमचा कोणताही गुमास्ता म्हणेल की, मग आधी दोनदा का करत होता? पण मोठ्या पेढीत अशा गोष्टी वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत, हे आम्ही सुरतेतही पाहिले आहे.

आता थोडे आपल्या मुलांबद्दल. अंबाजोगाईला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बीडला आहे. मुले शिकतात आणि पुण्याला जाऊन मिळेल ते काम धरतात. आम्हाला वाटते, चित्र हलके करण्याचे हे क्षेत्र त्यांनी पाहावे. याला कारखाना नको, कर्ज नको, जमीन नको. नासिर अहमद यांच्याजवळ त्या उन्हाळ्यात अनुदानसुद्धा नव्हते. बेंगळुरूच्या इट्टियम कंपनीने लिहिलेले एच.२६४ आणि एच.२६५ चे डिकोडर गुगलने अँड्रॉइडमध्ये घेतलेले आहेत, म्हणजे आपल्या देशातील हिशेब जगभरच्या फोनांत चालतो. उर्दू माध्यमातून आलेली मुले इंग्रजीच्या भीतीने मागे राहतात, हे आमच्यावर गुजरलेले आहे. पण येथे लागते ते गणित, आणि पहाडे उर्दूत पाठ केले काय किंवा मराठीत पाढे म्हटले काय, उत्तर एकच येते. शिवाय तापणारा फोन कसा असतो हे आपल्या मुलांइतके कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याला माहीत नसते. प्रयोगासाठी लागणारे जुने फोन तर घरोघरी पडलेले आहेत!

व्यापारी बंधूंच्या रोजच्या उपयोगाचे थोडे सांगून थांबतो. फोन हातात धरू नका, स्टँडला लावा. हात थरथरला की साऱ्या चित्राचे चौकोन हलतात आणि सगळ्यांचा शोध नव्याने करावा लागतो. मागे कपाटाची रंगीबेरंगी मांडणी नको, पांढरी चादर बांधा. उजेड भरपूर ठेवा, कारण अंधारात कॅमेरा दाणेदार चित्र काढतो आणि ते दाणे प्रत्येक क्षणी बदलत असल्याने दाबले जात नाहीत. पंख्याची सावली साडीवर फिरत असेल तर पंखा बंद करा, घाम आला तरी चालेल. साडी सतत हलवू नका, पसरून पाच सेकंद स्थिर ठेवा आणि मग पदर उचला. ॲपमध्ये चित्राचा दर्जा कमी करण्याची सोय असेल तर एक पायरी खाली या, कारण ठिपके कमी झाले की आकडेमोडही कमी होते. रंगाची खात्री मात्र फोनवर देऊ नका, दिवसाच्या उजेडातला फोटो वेगळा पाठवा. नवा फोन घेताना दुकानदाराला विचारा की यात एव्ही१ चिपमध्ये आहे काय. त्याला माहीत नसेल, पण दहा जणांनी विचारले की तो माहिती काढेल.

गेवराईची मंडळी रविवारी परत आली. चादर बांधलेली होती, ट्यूबलाईट लावलेली होती आणि पुतण्या स्टँडपाशी उभा होता. पाऊण तास कॉल चालला. फोन गरम झाला, पण बंद पडला नाही. सत्तावीस साड्या दाखवून झाल्या. मोरपंखी साडी मुलीने पाहताक्षणीच पसंत केली आणि म्हणाली, "काका, ही त्या दिवशी का नाही दाखवली?" मग तिने सहाशे रुपये कमी करायला सांगितले. आम्ही दोनशे कमी केले.